जखम भरली, उपचार बाकी आहे

(नवापूर तालुक्यातील गावसेवक, आशाताई आणि महिला मंडळाच्या भगिनींच्या एकदिवसीय मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला जबड्याच्या कॅन्सरबद्दल बोलायला सांगितलं आहे. मी डॉक्टर नाही. माझं शिक्षण थिऑलॉजीच्या डिप्लोमाचं. काम मात्र गेली कित्येक वर्षं पेशंटसोबत मोठ्या दवाखान्यात जाण्याचं आहे. केसपेपर काढायचा, रांगेत उभं राहायचं, डॉक्टर बोलले ते घरच्यांना त्यांच्या भाषेत सांगायचं आणि घरच्यांच्या मनातलं डॉक्टरांपर्यंत पोचवायचं. त्यातून जे कळलं तेवढंच तुमच्यापुढे ठेवते.

आपल्या पाड्यांवर ऑपरेशनची भीती मोठी असते. त्यामुळे एकदा ऑपरेशन झालं की सगळ्यांना हायसं वाटतं. टाके निघतात, माणूस घरी येतो, शेजारीपाजारी बघून जातात, कोंबडी कापली जाते. घरच्यांच्या दृष्टीने आजार गेलेला असतो. डॉक्टरांच्या कागदावर मात्र पुढची ओळ लिहिलेली असते : किरणोपचार. आपण त्याला ‘लाइट’ म्हणतो, कोणी ‘शेक’ म्हणतं, कोणी ‘करंट’. आपली बरीच माणसं ऑपरेशन आणि लाइट यांच्या मधल्या काळात हातातून सुटतात. म्हणून मी आज त्याच काळाबद्दल बोलणार आहे.

आधी आजार नीट समजून घेऊ. जबड्याचा कॅन्सर म्हणजे एकच आजार नव्हे. आपल्याकडे जास्त दिसतो तो हिरडीचा आणि गालाचा. तंबाखू-चुना, गुटखा, मशेरी यांच्यामुळे होणारा आणि पुढे हाडात शिरणारा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या कुठे मिळतात ते आपल्या पोरांनाही माहीत आहे. हा आजार दुर्मिळ नाही, तो आपण घरात बोलावलेला आहे.

पण दुसरेही काही आहेत, फार थोड्या लोकांना होणारे. त्यांत माणसाने तंबाखूला हातही लावलेला नसतो. एक आहे हाडातच सुरू होणारा, त्याला ऑस्टिओसार्कोमा म्हणतात. हा बहुधा वाढत्या वयाच्या पोरांना गुडघ्याजवळ होतो. शंभरात सहा-सात जणांना तो जबड्यात होतो आणि तेव्हा वय सहसा तिशी-चाळिशीचं असतं. दुसरा लाळेच्या बारीक ग्रंथींतून निघतो, पुष्कळदा टाळूत. त्याचं नाव अ‍ॅडिनॉइड सिस्टिक. तो हळू वाढतो, पण नसा धरून सरकतो. घराच्या भिंतीवरून वाळवी कशी रेघ काढत जाते, तसा. आणखी एक गाठ असते, अमेलोब्लास्टोमा नावाची. ती जबडा फुगवते, पण बहुतेक वेळा कॅन्सर नसते. तिला चांगलं मोठं ऑपरेशन लागतं, लाइट सहसा लागत नाही. म्हणून जबड्याच्या प्रत्येक पेशंटला ‘तुला लाइट घ्यावाच लागेल’ असं आपण सांगायचं नाही. गाठ कोणती, हे तुकड्याच्या रिपोर्टवरून ठरतं. आपलं काम तो रिपोर्ट हरवू न देण्याचं.

आता प्रश्न असा, की गाठ काढून टाकली तर लाइट कशाला? हा प्रश्न मला प्रत्येक घरात विचारतात आणि तो बरोबर आहे. मी शेतातल्या हरळीचं उदाहरण देते. वरची हरळी उपटली की शेत स्वच्छ दिसतं. मातीत राहिलेला एक तंतू पुन्हा सगळं रान धरतो. सर्जन गाठ काढताना भोवतीचा थोडा चांगला भागही काढतात. त्या चांगल्या भागाची रुंदी रिपोर्टमध्ये लिहिलेली असते. तोंडाच्या कॅन्सरमध्ये ती ५ मिलिमीटर किंवा जास्त असली तर बरं मानतात. पायाच्या हाडात भोवती जागा असते, रुंद काप घेता येतो. जबड्याच्या वर डोळा आहे, मागे कवटीचा तळ आहे, बाजूने मोठ्या रक्तवाहिन्या आणि नसा जातात. तिथे सर्जनने कितीही कौशल्य लावलं तरी हात एका जागी थांबवावाच लागतो. जिथे सुरी पोचत नाही, तिथे किरण पोचवतात. काप गाठीच्या फार जवळून गेला असेल, गाठ नसेत किंवा हाडात शिरली असेल, मानेच्या गाठींत आजार सापडला असेल, अशा वेळी लाइट सांगतात. कधी त्याच्या जोडीला केमोही देतात.

हाडाच्या कॅन्सरबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्याच्यावर नुसता लाइट भारी पडत नाही. तिथे ऑपरेशन मुख्य, केमोही बहुधा असतो आणि काप स्वच्छ मिळाला नाही तर लाइट त्याच्या मदतीला. म्हणून ‘ऑपरेशन नको, फक्त लाइट द्या’ असं कोणी म्हणालं तर त्याला समजावून सांगा.

आता वेळेचा हिशेब. हा वहीत लिहून घ्या. ऑपरेशननंतर साधारण ६ आठवड्यांच्या आत लाइट सुरू व्हायला हवा. लाइटचे बहुधा ३० सिटिंग असतात, कधी ३३. सोमवार ते शुक्रवार रोज एक, शनिवार-रविवार सुट्टी. म्हणजे आणखी ६ आठवडे. ऑपरेशनपासून शेवटच्या सिटिंगपर्यंत सगळं मिळून ११-१२ आठवड्यांत संपावं, असा डॉक्टरांचा प्रयत्न असतो. एक सिटिंग तसं थोड्या मिनिटांचं. दुखत नाही, भाजत नाही. पण रोजचा नेम मोडला तर उरलेल्या पेशींना पुन्हा वाढायला सवड मिळते. मधे आठ-पंधरा दिवस घरी येऊन पुन्हा गेलं, म्हणजे तेवढ्याच जागेवरून पुढे चालू, असं होत नाही.

पहिले ६ आठवडे रिकामे नसतात, हेही घरच्यांना सांगा. जखम भरायची असते. दात तपासायचे असतात. किडलेले, हलणारे दात लाइटच्या निदान दोन-तीन आठवडे आधी काढावे लागतात, म्हणजे ती जागा भरून येते. मग चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मास्क बनवतात. गरम पाण्यात मऊ झालेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर ठेवतात आणि ती थंड होऊन घट्ट होते. डोकं रोज त्याच जागी राहावं म्हणून तो. मग सीटी स्कॅन आणि किरण कुठून किती द्यायचे याची आखणी. दिवाळीला ऑपरेशन झालं आणि ‘संक्रांतीनंतर बघू’ असं म्हटलं, तर वेळ गेलीच.

दिवाळीचा उल्लेख मी मुद्दाम केला. आपल्या भागातलं दुखणं तिथेच आहे. दिवाळी झाली की ट्रक लागतात आणि अर्धं गाव बारडोलीकडे ऊसतोडीला जातं. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेतलेली असते, खाऊन झालेली असते. कोयता दोघांचा ठरलेला असतो.

आमच्या एका पाड्यावरच्या दादांचं असंच झालं. वय पंचेचाळीसच्या आसपास, तंबाखू नाही, दारू नाही. टाळूला वाटाण्याएवढी गाठ. रिपोर्टमध्ये अ‍ॅडिनॉइड सिस्टिक आलं. ऑपरेशन चांगलं झालं. टाळूला पडलेलं भोक झाकायला कवळी बसवून दिली, त्यामुळे बोलता-जेवता येऊ लागलं. रिपोर्टमध्ये नसेत आजार लिहिलेला होता, म्हणून ३० सिटिंग ठरले. त्यांनी १३ घेतले. तोंडात फोड आले, गिळवेना, आणि इकडे मुकादम घरी येऊन बसला. बायको एकटी कोयता कसा उचलणार? दादा परत आले आणि ट्रकमध्ये बसले. आम्ही दोनदा तिकडे पडावावर जाऊन आलो. ते म्हणाले, ‘बाई, उचल फिटू द्या, मग येतो.’

त्यानंतर दोन वर्षं दादांना काही झालं नाही. तुम्हाला वाटेल हे बरंच झालं. पण त्या दोन वर्षांत त्यांचं उदाहरण गावोगाव फिरलं. ‘त्याने लाइट अर्ध्यावर सोडला, बघा, ऊस तोडतोय.’ मी समजावत होते, की हा आजार हळू चालणारा आहे, त्याची दोन वर्षं म्हणजे थोडी. ऊस तोडणारा माणूस डोळ्यांसमोर दिसत असताना माझं कोण ऐकणार? तिसऱ्या वर्षी दादांच्या गालाला मुंग्या येऊ लागल्या. मग गाल बधिर झाला. मग एका वस्तूच्या दोन दिसायला लागल्या. आजार नस धरून कवटीच्या तळाशी पोचला होता. तिथे पुन्हा ऑपरेशन शक्य नव्हतं.

त्याच सुमाराला शेजारच्या गावातली एक बाई आमच्याकडे आली. वय छत्तीस, दोन मुलं, धाकटं दीड वर्षाचं. खालच्या जबड्याला सूज. आधी दाढ दुखते म्हणून एक दाढ काढली, मग दुसरी काढली, मग भगताकडे नेऊन आणलं. सूज वाढतच गेली आणि ओठ बधिर झाला. तुम्ही सगळ्यांनी ही खूण लक्षात ठेवा : दाढ काढूनही सूज राहिली, दात आपोआप हलायला लागले, ओठ किंवा हनुवटी बधिर झाली, तर वाट बघायची नाही. तिला हाडाचा कॅन्सर निघाला. केमो झाला, ऑपरेशन झालं, पायाचं पातळ हाड काढून जबड्याला लावलं. एका बाजूला काप गाठीच्या फार जवळून गेला होता, म्हणून ३३ सिटिंग सांगितले. आणि तिच्या दिराने घरात सांगितलं, ‘लाइटची गरज नसते. त्या माणसाने नाही घेतला.’

हे दादांच्या कानावर गेलं. ते स्वतः तिच्या घरी आले. तोवर त्यांना एका डोळ्यावर फडकं बांधावं लागत होतं. ओसरीवर बसून ते दिराला म्हणाले, ‘माझं नाव घेऊन हिला थांबवू नको. मी सोडून आलो म्हणून माझं हे झालं.’ एवढंच बोलले आणि चहा न घेता उठून गेले. माझ्या सगळ्या भाषणांपेक्षा ते एक वाक्य कामाला आलं.

बाईने ३३ पूर्ण केले. सोपे गेले का? नाही. दुसरा आठवडा सरला आणि तोंड सोलवटलं. चव गेली. लाळ चिकट झाली. मानेची कातडी काळी पडली. चौथ्या आठवड्यात नाकातून नळी घालावी लागली, तेव्हा ती मला म्हणाली, ‘ताई, माझं मरण लांबवताय का?’ अशा वेळी उत्तर देण्याची घाई करू नये. मी तिच्याजवळ बसून राहिले. मग आम्ही दोघींनी कार्डावरच्या खुणा मोजल्या. उरलेल्या खुणा झालेल्या खुणांपेक्षा कमी होत्या.

लाइटचा त्रास तिसऱ्या आठवड्यापासून वाढतो आणि शेवटचं सिटिंग झाल्यावरही आठ-पंधरा दिवस तसाच राहतो. त्यानंतर तोंड हळूहळू भरतं. हे आधी सांगून ठेवलं तर माणूस घाबरून पळत नाही. घरात काय करायचं? एक लीटर पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खायचा सोडा घालून दिवसातून अनेकदा चूळ भरायची. तिखट, आंबट, गरम बंद. पातळ पेज, मुगाचं कढण, दुधात शिजवलेली नागलीची खीर, मऊ अंडं, केळं कुस्करून. वजन उतरू द्यायचं नाही. वजन उतरलं तर मास्क ढिला होतो आणि किरण ठरल्या जागी पडत नाहीत. नळी घातली म्हणजे शेवट आला असं नाही, ती पोट भरायची वाट आहे. मानेच्या कातडीला तेल, हळद, पाला काही लावायचं नाही, डॉक्टर देतील तेच. तोंड उघडण्याचा व्यायाम रोज करायचा, नाहीतर जबडा आखडतो आणि बोटभरही उघडत नाही.

आणि एक गोष्ट जन्मभरासाठी. लाइट घेतलेल्या जबड्यातला दात गावातल्या दवाखान्यात परस्पर काढायचा नाही. त्या हाडाला रक्तपुरवठा कमी झालेला असतो. जखम भरत नाही, हाड सडू शकतं. दात दुखला तर आधी जिथे लाइट घेतला तिथे विचारायचं.

एका गैरसमजाने मला फार वाईट वाटतं. या बाईच्या सासूने धाकट्या बाळाला तिच्याजवळ जाऊ दिलं नाही. ‘हिच्या अंगात किरण आहेत, पोराला लागतील.’ दीड वर्षाचं लेकरू दारात उभं राहून रडायचं आणि आई आत रडायची. मशीनमधून बाहेरून जो लाइट देतात, तो मशीन बंद झाली की संपतो. अंगात काही उरत नाही. आईने लेकराला कुशीत घ्यावं, एका ताटाशेजारी बसून जेवावं, काही होत नाही. हे आशाताईंनी घरोघर सांगावं. सासूला मी लाइटच्या विभागातल्या ताईंशी फोनवर बोलायला लावलं, तेव्हा कुठे बाळ आईकडे गेलं.

पैशांचं सांगते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन, केमो आणि लाइट तिन्ही येतात. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मर्यादा आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात, पहिल्या दिवशी त्यांनाच भेटा. रेशनकार्डावर आणि आधारवर नाव वेगळं असेल तर ते आजच दुरुस्त करून घ्या, आजारपणात ते धावपळीचं काम होतं. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीत भाडं माफ असतं आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. त्याचा फॉर्म दवाखान्यातून भरून घ्यायचा. मुंबईला टाटात उपचार असतील तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा राहायला आहेत, पण गर्दी असते, आधी विचारून निघा. योजना उपचाराचे पैसे देते. ६ आठवड्यांची बुडालेली मजुरी आणि मुकादमाची उचल कोणतीच योजना देत नाही. आपली मंडळी, आपले बचत गट कामाला यायचे ते तिथे.

शास्त्रात नामानाची गोष्ट आहे. मोठा सेनापती, पण कोड झालेला. अलीशाने त्याला यार्देन नदीत सात वेळा बुडी मारायला सांगितलं. त्याला राग आला, तो परत निघाला. त्याच्या चाकरांनी त्याला समजावलं, म्हणून तो नदीवर गेला. मी ही गोष्ट वाचते तेव्हा मला सहाव्या बुडीनंतरचा नामान दिसतो. सहा वेळा बुडी मारून झाली आहे, काहीच बदललेलं दिसत नाही, आणि काठावर ते चाकर उभे आहेत. त्या चाकरांची नावंसुद्धा लिहिलेली नाहीत. आपलं काम त्या चाकरांचं आहे. बरं करणारा देव आहे, उपाय सांगणारे डॉक्टर आहेत, आपण काठावर उभं राहून ‘अजून एक’ म्हणायचं.

लाइट पूर्ण घेतला म्हणजे आजार परत येणारच नाही, अशी हमी मी देत नाही, डॉक्टरही देत नाहीत. पण अर्धा सोडला तर परत येण्याची वाट आपणच मोकळी ठेवतो. त्या बाईला आता तीन वर्षं होत आली. तोंड कोरडं पडतं, पाण्याची बाटली सतत जवळ लागते, चेहरा एका बाजूला थोडा बसला आहे. ती तपासणीला वेळच्या वेळी जाते आणि बाजाराच्या दिवशी भाजी विकते. दादा गेल्या उन्हाळ्यात वारले. त्यांच्या घराची उचल त्यांच्या मुलाने फेडली.

म्हणून आज घरी जाण्याआधी तीन कामं ठरवू. पहिलं, आपापल्या गावात तोंडाचं किंवा जबड्याचं ऑपरेशन झालेलं कोण आहे, त्याची यादी करा आणि पुढे लाइट सांगितला आहे का ते कागद बघून विचारा. दुसरं, प्रत्येक पेशंटसाठी चौकटींचं कार्ड करा. जितके सिटिंग तितक्या चौकटी, रोज एक खूण, आणि प्रत्येक आठवड्याला सोबत कोण जाणार त्याचं नाव. एका माणसाने ६ आठवडे बाहेर राहणं अवघड, पण सहा जणांनी एकेक आठवडा राहणं जमतं. तिसरं, घरात उचल घेतलेली असेल तर ऑपरेशनच्या आधीच मुकादमाशी बोला. पंच, सरपंच, पाळक, जो त्याचा मान राखतो त्याला सोबत घ्या. मुकादमही माणूस आहे. वेळेवर सांगितलं तर बदली कोयता मान्य करतो, असा माझा अनुभव आहे.

कार्डं दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहेत. जाताना गावाला लागतील तेवढी घेऊन जा. प्रभू तुम्हा सर्वांना या सेवेत बळ देवो.